मानसिक आरोग्य नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करायचंय? ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

मनोरुग्णांच्या नर्सिंगमध्ये पुढे शिकावं का, कुठे, कसं आणि त्यातून हाती काय येईल, असे प्रश्न ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ, पनवेल इथल्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींकडून सतत येतात. तेच प्रश्न त्यांच्याच शब्दांत खाली दिले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल; दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. हे शिक्षण वर्गापेक्षा वॉर्डात होतं. ज्यांना पेशंटजवळ बसायला, त्याचं ऐकून घ्यायला आवडतं त्यांनी जरूर यावं. बेडसाइडपासून सुटका हवी म्हणून येणाऱ्यांना ही दोन वर्षं फार जड जातात.

१. सायकियाट्रिक नर्सिंग, मेंटल हेल्थ नर्सिंग, डीपीएन, एम.एस्सी. ही सगळी एकाच कोर्सची नावं आहेत का?

नाही. यात दोन वेगळ्या वाटा आहेत. एम.एस्सी. नर्सिंग ही दोन वर्षांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी. तिच्या स्पेशालिटी पाच: मेडिकल सर्जिकल, ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅक, चाइल्ड हेल्थ, कम्युनिटी हेल्थ आणि मेंटल हेल्थ. मेंटल हेल्थ नर्सिंग आणि सायकियाट्रिक नर्सिंग ही एकाच स्पेशालिटीची दोन नावं.

दुसरी वाट एक वर्षाच्या डिप्लोमाची, ज्याला सगळे डीपीएन (डिप्लोमा इन सायकियाट्रिक नर्सिंग) म्हणतात. ती पदवी नाही. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंगच्या पदविकेनंतरही करता येते आणि मनोरुग्णालयातल्या कामासाठी चांगली तयारी करून देते. कॉलेजात शिकवायचं असेल, संशोधन किंवा पुढे पीएच.डी. करायची असेल, तर एम.एस्सी.ला पर्याय नाही.

२. एम.एस्सी.साठी पात्रता काय?

भारतीय नर्सिंग परिषदेच्या, म्हणजे आयएनसीच्या नियमानुसार बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगमध्ये एकूण किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. राज्य परिषदेकडे नर्स आणि मिडवाइफ म्हणून नोंदणी, एक वर्षाचा कामाचा अनुभव आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखलाही हवा. अनुभवाबद्दल सर्वांत जास्त गोंधळ असतो, म्हणून तो प्रश्न ४ मध्ये वेगळा घेतला आहे.

३. माझं जीएनएम झालंय आणि आठ वर्षं वॉर्डात आहे. थेट एम.एस्सी. करता येईल का?

थेट नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागेल, मग एम.एस्सी. म्हणजे एकूण चार वर्षं. घर, मुलं, कर्ज यांचा हिशेब मांडून ठरवा. पेशंटसोबतच राहायचं असेल आणि शिकवण्याची ओढ नसेल, तर डीपीएनचा विचार आधी करा. एका वर्षात तुम्ही त्या वॉर्डात उभ्या राहू शकता.

४. अनुभव मानसोपचार वॉर्डातलाच लागतो का? इंटर्नशिप त्यात धरतात का?

मानसोपचार वॉर्डातलाच हवा अशी अट नाही. आयसीयू, मेडिसिन, कॅज्युअल्टी, कुठलाही चालतो. बी.एस्सी. केलेल्यांचा वर्षभराचा अनुभव पदवीनंतरचा हवा, त्यामुळे शेवटच्या वर्षातली इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. पोस्ट बेसिक केलेल्यांना मोठी सवलत आहे: त्यांचा अनुभव कोर्सच्या आधीचा असो वा नंतरचा, दोन्ही चालतो. जीएनएम करून आठ वर्षं काढलेल्या सिस्टरला पोस्ट बेसिकनंतर पुन्हा वर्षभर थांबावं लागत नाही.

अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि पूर्णवेळ नेमणुकीचा उल्लेख हवा. नुसतं ‘आमच्याकडे काम केले आहे’ असं लिहिलेलं पत्र कागदपत्र तपासणीत अडकतं. नोकरी सोडतानाच दाखला नीट करून घ्या. नंतर नर्सिंग होमच्या ऑफिसात हेलपाटे घालावे लागतात.

५. ठाणे-नवी मुंबईत राहून कुठे शिकता येईल?

नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी हाताशी असलेल्या संस्थांत नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही नावं पहिली येतात. दोन्ही अभिमत विद्यापीठं आहेत. ट्रान्स-हार्बर लाइनने ठाण्याहून नेरूळ सोपं पडतं. कामोठ्यासाठी मानसरोवर किंवा खांदेश्वरला उतरायचं. मुंबईत जे. जे. रुग्णालय समूहातलं इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन शासकीय आहे. चर्चगेटचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग एसएनडीटी महिला विद्यापीठाचं, म्हणजे तिथे फक्त मुलींना प्रवेश.

एक काळजी मात्र प्रत्येकाने घ्यायची. कॉलेजला एम.एस्सी.ची मान्यता आहे म्हणून पाचही स्पेशालिटींची आहे असं धरून चालू नका. मान्यता आणि जागा स्पेशालिटीवार मिळतात. प्रवेशाच्या वर्षी आयएनसीच्या आणि विद्यापीठाच्या यादीत कॉलेजच्या नावासमोर ‘मेंटल हेल्थ’ लिहिलंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कॉलेजच्या काउंटरवर ‘होऊन जाईल मॅडम’ असं उत्तर मिळालं, तर पैसे भरू नका.

शक्य असेल तर महाराष्ट्राबाहेरचाही विचार करा. बेंगळुरूचं निम्हान्स आणि तेजपूरचं लोकप्रिय गोपीनाथ बोरदोलोई संस्थान इथे याच विषयातली एम.एस्सी. होते. डीपीएनसाठी रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था जुनी आणि नावाजलेली. तिथे दिवसभर तेच पेशंट, तोच विषय असतो, आणि ज्या वॉर्डात पोस्टिंग तिथेच तुमचे शिक्षक काम करत असतात. घरापासून दोन वर्षं लांब राहता येत असेल तर माझा कौल तिकडे आहे.

६. प्रवेश कसा होतो?

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्षामार्फत प्रवेश परीक्षा आणि मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीकृत प्रवेशाच्या फेऱ्या होतात. पोस्ट बेसिक बी.एस्सी. आणि डीपीएनसाठीही सीईटी कक्षाकडेच लक्ष ठेवायचं. अभिमत विद्यापीठांची आणि निम्हान्ससारख्या संस्थांची प्रक्रिया स्वतंत्र असते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी वेगवेगळे अर्ज करावे लागतात.

स्पेशालिटीचा पसंतीक्रम भरताना विचार करा. मेडिकल सर्जिकल न मिळाल्यामुळे मेंटल हेल्थला आलेल्या बऱ्याच जणी भेटतात. काही जणींना नंतर हा विषय मनापासून आवडतो, पण त्या भरवशावर अर्ज भरू नये. आधी एखाद्या मानसोपचार ओपीडीत ओळखीने चार-सहा दिवस बसून बघा.

७. फी किती असते? शिष्यवृत्ती मिळते का?

शासकीय कॉलेजात फी सर्वांत कमी, मग खासगी विनाअनुदानित, आणि अभिमत विद्यापीठांत सर्वांत जास्त. खासगी कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजवार बघता येते. कॉलेज त्याहून जास्त मागत असेल तर लेखी मागा. शासकीय शिष्यवृत्ती आणि फी सवलतीचे अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर भरतात. बहुतेक योजनांना कॅप फेरीतून प्रवेश झाल्याची अट असते, त्यामुळे मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात जाताना सवलत मिळेलच असं गृहीत धरू नका.

८. नाइट ड्यूटी सांभाळून किंवा डिस्टन्सने करता येईल का?

नाही. डिस्टन्सने केलेली एम.एस्सी. नर्सिंग आयएनसी मानत नाही. नियमित कोर्सलाही प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकलची किमान ८० टक्के हजेरी असेल तरच परीक्षेला बसता येतं, आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के भरावी लागते. आजारपण, बाळंतपण, काहीही असलं तरी बुडालेले तास भरून द्यावेच लागतात. रात्रभर ड्यूटी आणि सकाळी आठला क्लिनिकल, असं करणाऱ्यांचं पहिल्या वर्षाचं आरोग्य आणि निकाल दोन्ही बिघडतात. सरकारी किंवा महापालिकेच्या सेवेत असाल तर अभ्यास रजेचा आणि ना-हरकत दाखल्याचा अर्ज सीईटीचा फॉर्म भरण्याआधीच आस्थापना विभागात द्या. फाइल फिरायला वेळ लागतो.

९. दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात?

पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अ‍ॅडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, आणि स्पेशालिटीचा पहिला भाग. दुसऱ्या वर्षी नर्सिंग मॅनेजमेंट, प्रबंध आणि स्पेशालिटीचा दुसरा भाग. आयएनसीच्या अभ्यासक्रमात स्पेशालिटीच्या थिअरीला दोन वर्षं मिळून ३०० तास आहेत आणि प्रॅक्टिकलला १६०० तास. या दोन आकड्यांतूनच कोर्सचा स्वभाव कळतो.

ते १६०० तास अ‍ॅक्यूट वॉर्ड, दीर्घकाळ राहिलेल्या पेशंटचे वॉर्ड, ओपीडी, आपत्कालीन विभाग, व्यसनमुक्ती, बाल मार्गदर्शन केंद्र, वस्तीतलं काम अशा ठिकाणी जातात. केस हिस्टरी, मेंटल स्टेटस एक्झामिनेशन, कौटुंबिक मूल्यांकन, ग्रुप थेरपी, रिलॅक्सेशन, पेशंटच्या घरच्यांचं समुपदेशन हे सगळं स्वतः करून दाखवावं लागतं. लिथियमवरच्या पेशंटच्या हाताची थरथर, जुलाब, अडखळतं बोलणं दिसलं की रक्तातली पातळी बघायला कधी सांगायचं. क्लोझापिन सुरू असलेल्याला साधा ताप आणि घसादुखी झाली तरी पांढऱ्या पेशी का मोजायच्या. इंजेक्शननंतर मान वाकडी झालेला पेशंट ‘नाटक करतोय’ असं वॉर्डात कुणी म्हणालं तर तो डिस्टोनिया, म्हणजे औषधामुळे स्नायू आखडणं, आहे हे कसं ओळखायचं. हे आलं नाही, तर पदवी भिंतीवर टांगण्यापुरतीच राहील.

१०. बी.एस्सी.लाही सायकियाट्रीची पोस्टिंग केली होती. मग एम.एस्सी.त वेगळं काय?

बी.एस्सी.त तुम्ही वॉर्ड बघितलात. एम.एस्सी.त तुमचं बोलणं तपासलं जातं. त्याचं साधन म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग. पेशंटशी झालेलं संभाषण शब्दशः लिहायचं, शेजारी त्या वेळी तुमच्या मनात काय आलं ते, आणि त्यापुढे तुमच्या उत्तराने पेशंट मोकळा झाला की बंद झाला ते.

एक उदाहरण देते. पेशंट म्हणतो, “सिस्टर, शेजारचे भिंतीतून माझ्याबद्दल बोलतात.” नवी विद्यार्थिनी हमखास म्हणते, “असं काही नसतं हो, तुम्ही घाबरू नका.” पेशंट मान फिरवतो आणि संभाषण तिथेच संपतं. दुसरी विद्यार्थिनी म्हणते, “मला आवाज ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला येतोय आणि त्याचा त्रास होतोय हे दिसतंय. काय बोलतात ते?” तो सांगतो, “म्हणतात, आज रात्री संपवून टाक.” ही माहिती त्या क्षणी डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजे. तिने भ्रमाला होकार दिला नाही, वादही घातला नाही, आणि जीवघेणा धोका वेळेवर कळला. असे शेकडो संवाद लिहून, मॅडमच्या लाल पेनाने खोडून घेऊन ही नजर तयार होते.

नर्स आणि पेशंटचं नातं हाच उपचाराचा भाग आहे, हा विचार हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी मांडला. या विषयातला क्लिनिकल स्पेशालिस्टसाठीचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रमही त्यांनीच १९५४ मध्ये अमेरिकेत रटगर्स इथे सुरू केला. आजचं प्रोसेस रेकॉर्डिंग त्याच विचारावर उभं आहे.

११. घरचे म्हणतात, ‘वेड्यांच्या इस्पितळात कशाला जातेस?’ तिथे काम करणं सुरक्षित आहे का?

आपल्याकडे भांडणात ‘तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे’ असं सहज बोलून जातात, त्यामुळे घरच्यांची भीती समजण्यासारखी आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून उभं आहे. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीसोबत राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. नर्सिंगच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी मनोरुग्णाशी पहिलं बोलणं तिथे केलं आहे. आईला किंवा सासूबाईंना समजवायचं असेल तर वाद घालू नका, तुमच्या पेशंटबद्दल सांगा: बरा झाल्यावरही ज्याला घरचे न्यायला येत नाहीत असा माणूस, बाळंतपणानंतर आजारी पडलेली पोर, परीक्षेच्या ताणाने कोसळलेला मुलगा. नाव-गाव मात्र सांगायचं नाही. गोपनीयता हा पेशंटचा कायदेशीर हक्क आहे.

आता सुरक्षिततेचं. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक हिंसक नसतात. काही पेशंट काही वेळा आक्रमक होतात आणि त्याची लक्षणं बहुतेकदा आधी दिसतात: येरझाऱ्या, आवळलेल्या मुठी, चढता आवाज, एकटक नजर. अशा वेळी पेशंट आणि दार यांच्या मध्ये आपण अडसर होऊन उभं राहायचं नाही, पण आपलीही बाहेर पडायची वाट मोकळी ठेवायची. हाताभराहून जास्त अंतर ठेवायचं, आवाज खाली आणायचा, एका वेळी एकच जण बोलेल असं बघायचं. गळ्यातली ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी हवी. केस बांधलेले, खिशात कात्री नाही. एकटीने जायचं नाही. वॉर्डातल्या मावशींना, मामांना सोबत घ्यायचं, कारण वर्षानुवर्षं तिथे असल्याने कोण कशाने बिथरतं हे त्यांना नेमकं माहीत असतं.

एखाद्या संस्थेत विद्यार्थिनींना प्रशिक्षण न देता, पुरेसे कर्मचारी नसलेल्या वॉर्डात एकटं पाठवत असतील, तर ती तुमच्या धैर्याची परीक्षा समजू नका. लेखी तक्रार करा.

१२. शॉक देताना मदत करावी लागते का? मला त्याची भीती वाटते.

हो, ईसीटीची तयारी आणि नंतरची काळजी हे नर्सचंच काम. पडद्यावर दिसतं तसं ते आता नसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही. तुमचं काम संमतीपत्र तपासणं, पेशंट उपाशी आहे याची खात्री करणं, कवळी आणि दागिने काढणं, लघवीला पाठवणं, आणि नंतर कुशीवर झोपवून श्वास, नाडी, शुद्ध बघत राहणं. जाग आल्यावर पेशंट गोंधळलेला असतो. “तुम्ही दवाखान्यात आहात, उपचार झालेत, मी इथेच आहे,” हे त्याला पुन्हा पुन्हा सांगणारा माणूस लागतो. एकदा ते केलंत की भीती बरीच कमी होते.

१३. कायद्यात ‘मेंटल हेल्थ नर्स’ कोणाला म्हणतात? वेगळी नोंदणी लागते का?

इथे थोडी गुंतागुंत आहे; नीट वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली मेंटल हेल्थ नर्सची व्याख्या रुंद आहे. जनरल नर्सिंगची किंवा सायकियाट्रिक नर्सिंगची मान्यताप्राप्त पदविका वा पदवी आणि राज्य नर्सिंग परिषदेची नोंदणी, एवढं तिच्यात बसतं. म्हणजे व्याख्येपुरती एम.एस्सी. अनिवार्य नाही. पण कायद्याने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हणून काम करायचं तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. कलम ५५ नुसार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मेंटल हेल्थ नर्स आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर यांची नोंदणी करून यादी प्रसिद्ध करणं हे त्या प्राधिकरणाचं काम आहे.

याशिवाय एम.एस्सी. झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग परिषदेकडे अतिरिक्त अर्हतेची नोंद करून घ्या. परराज्यातून शिकलेल्यांनी तर ती विसरूच नये. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. १९४७ च्या आयएनसी कायद्याची जागा तो घेणार, त्यामुळे पुढच्या काळात नियमांत बदल येतील. अधिकृत परिपत्रकंच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड नव्हे.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ मात्र प्रत्येकीला पाठ हवं. पेशंटला एकांतात कोंडता येत नाही. बांधून ठेवणं हे शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून चालत नाही. धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरत्याच वेळासाठी, आणि सगळी नोंद करून. ती नोंद बहुतेकदा तुमच्याच हातची असते.

१४. प्रबंधासाठी विषय कसा निवडू? मनोरुग्णांवर संशोधन करायला जास्त परवानग्या लागतात का?

आधी विषय. ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमची परिणामकारकता’ हा साचा आपल्याकडे इतका वापरला गेला आहे की लायब्ररीत कपाटंच्या कपाटं भरली आहेत. शिकवल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत गुण वाढतात. त्यातून पेशंटच्या हाती काय पडलं? त्यापेक्षा आपल्या भागात डोळे उघडे ठेवून फिरा. डिस्चार्जनंतर गोळ्या कोण आणि का सोडतं? दिव्याच्या चाळीत किंवा घणसोलीच्या एका खोलीत स्किझोफ्रेनियाचा पेशंट सांभाळणारी आई रात्री कशी झोपते? एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांची दारू कुठल्या पाळीला वाढते? जनरल वॉर्डातल्या नर्सेस विष घेतलेल्या पेशंटशी कशा बोलतात? यातला एक जरी प्रश्न नीट धरलात तरी कामाचा प्रबंध होईल.

आता परवानग्या. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी प्रत्येकाला लागते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मानसिक आजार असलेल्या व्यक्ती असुरक्षित गटात येतात, म्हणून समिती बारकाईने विचारते: संमती देण्याची क्षमता कशी तपासणार, मुलाखतीत पेशंट अस्वस्थ झाला तर काय करणार? मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९९ नुसार संशोधनासाठी पेशंटची स्वतःची मुक्त संमती हवी. तो ती देऊ शकत नसेल आणि विरोधही करत नसेल, तर राज्य प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. शासकीय मनोरुग्णालयात डेटा गोळा करायचा असेल तर आरोग्य विभागाची परवानगी वेगळी. हे सगळं हातात यायला महिने जातात, म्हणून पहिल्या वर्षाच्या मध्यातच विषय पक्का करा. पेशंटवर एखादा उपाय करून बघणार असाल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत नोंदणी करा.

तयार प्रश्नावली वापरताना तिच्या हक्कधारकाची परवानगी घ्या. काही फुकट नसतात. स्मरणशक्ती आणि आकलन तपासणारी एमएमएसई त्यांतली एक. मराठी भाषांतर केलं तर दुसऱ्या व्यक्तीकडून ते परत मूळ भाषेत उतरवून ताडून बघा. ‘उदास वाटतं का?’ या प्रश्नाला आगरी-कोळी वस्तीतली आजी ‘नाय’ म्हणेल आणि लगेच ‘जीवच लागत नाय कशात’ असंही सांगेल. प्रश्नावली त्या आजीवर आधी चालवून बघा.

१५. नोकरी कुठे मिळते?

शिकवणं हा सर्वांत रुळलेला मार्ग. नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून सुरुवात होते. असिस्टंट प्रोफेसरसाठी एम.एस्सी. आणि तीन वर्षांचा अनुभव मागतात. क्लिनिकल बाजूला प्रादेशिक मनोरुग्णालयं, मेडिकल कॉलेजांचे मानसोपचार विभाग, खासगी रुग्णालयं आणि व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात सायकियाट्रिक नर्सचं पद असतं. ते कंत्राटी असतं, पण तालुक्यापर्यंत जाऊन काम करायला मिळतं आणि अनुभव फार मोलाचा.

संस्थांच्या कामाकडेही बघा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभी केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते. या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पगाराबद्दल खरं सांगायचं तर खासगी रुग्णालयांत एम.एस्सी. असूनही स्टाफ नर्सच्याच ग्रेडवर घेतात असं अनेकदा घडतं. मुलाखतीत पद आणि ग्रेड लेखी विचारा.

१६. एम.एस्सी. झाल्यावर औषधं लिहून देता येतील का? स्वतःचं काउन्सेलिंग सेंटर काढता येईल का?

औषधं लिहून देता येत नाहीत. अमेरिकेतल्या सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनरसारखं पद आपल्याकडे नाही. समुपदेशनाचं कौशल्य तुमच्याकडे नक्की असतं, पण पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिता येणार नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञांसोबत टीममध्ये काम करा आणि पाटीवर आपली खरी पदवी लिहा. प्रश्न १३ मधली नोंदणी इथेही लागू आहे.

१७. परदेशात या पदवीचा उपयोग होतो का?

होतो, पण वाटतो तसा नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी मूळ नर्सिंग शिक्षणावर होते आणि तिथे प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी अशा वेगळ्या शाखा आहेत. आपलं बी.एस्सी. किंवा जीएनएम जनरल असल्याने बहुतेकांची नोंदणी प्रौढ शाखेत होते. नुसती एम.एस्सी. दाखवून मानसिक आरोग्य शाखा मिळेल असं धरू नका. अमेरिकेत आधी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पास होऊन आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स व्हावं लागतं. तिथे सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं तर तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेत पुन्हा पदव्युत्तर शिक्षण आणि किमान ५०० तासांचं देखरेखीखालचं क्लिनिकल काम करून प्रमाणपत्र परीक्षा द्यावी लागते. ‘इथली एम.एस्सी. तिथे थेट चालते’ असं सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहा.

१८. मी ब्रदर आहे. जुन्या कोर्समध्ये मिडवाइफरी नव्हती. अडचण येईल का?

आयएनसीने याची सोय ठेवली आहे. एकत्रित अभ्यासक्रम येण्याआधी शिकलेल्या पुरुष नर्सेसनी मिडवाइफरीऐवजी तेवढ्याच कालावधीचं दुसरं मान्य प्रशिक्षण घेतल्याचा पुरावा द्यायचा. त्या यादीत सायकियाट्रिक नर्सिंगही आहे. या शाखेत ब्रदर मंडळींची फार गरज आहे. पुरुष वॉर्डात, व्यसनमुक्तीत, वडील-मुलाच्या भांडणात बोलायला त्यांच्याइतकं कुणी जवळचं वाटत नाही.

१९. पहिल्या वर्षी एका विषयात राहिलो तर?

दुसऱ्या वर्षाचे वर्ग करता येतात, पण पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय दुसऱ्या वर्षाची परीक्षा देता येत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के लागतात. एका विषयाला पहिला धरून तीनच प्रयत्न, आणि कोर्स चार वर्षांत संपवायचा. सर्वांत जास्त जण अडकतात ते स्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणून तो विषय पहिल्या महिन्यापासून रोज थोडा करा.

२०. मला स्वतःला डिप्रेशनची गोळी चालू आहे. मी हा कोर्स करू शकते का? कॉलेजला सांगावं लागेल का?

हा प्रश्न नेहमी सर्वांत शेवटी, आणि नाव न लिहिता येतो. करू शकता. उपचार चालू असणं म्हणजे अपात्र असणं नव्हे. तंदुरुस्तीचा दाखला देणारे डॉक्टर तुम्ही काम करू शकता का ते बघतात. मधुमेहाची गोळी चालू असलेली मैत्रीण जशी प्रवेश घेते तशीच तुम्हीही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मानसिक आजारावरून भेदभाव करू देत नाही आणि तुमच्या उपचाराची माहिती गोपनीय राहणं हा तुमचाही हक्क आहे. वर्गात कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. डॉक्टरांकडे मात्र काही लपवू नका.

दोन गोष्टी आधी ठरवून ठेवा. कोर्स सुरू होतोय म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. मानसोपचारतज्ज्ञांना वेळापत्रक दाखवून डोस आणि झोपेचं नियोजन करा. आणि तुमच्या मनातल्यासारखीच गोष्ट सांगणारा पेशंट वाट्याला आला, खास करून आत्महत्येच्या प्रयत्नानंतरचा, तर त्याच दिवशी मॅडमना सांगून केस बदलून घ्यायची मुभा मागा. सुपरव्हिजन त्यासाठीच असतं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. तो फोनमध्ये आजच सेव्ह करा, पेशंटच्या घरच्यांना द्यायलाही उपयोगी पडतो.